सॅकमधलं मटण

मटणाच्या पिशवीच्या तळाशी जे लाल पाणी साचतं त्याला आपण सरसकट रक्त म्हणतो. ते रक्त नसतं. बोकड कापला की त्याच्या अंगातलं निम्म्याच्या आसपास रक्त तिथंच वाहून जातं आणि उरलेलं बहुतेक काळीज, फोफसा अशा आतल्या अवयवांत अडकून राहतं. मांडीच्या किंवा फऱ्याच्या मांसात किलोमागे फार तर चहाचा एखादा-दुसरा चमचा रक्त उरतं. पिशवीत उतरतं ते मांसाचं स्वतःचं पाणी. मांसात शंभरातले पंचाहत्तर भाग पाणीच असतं आणि त्याला लाली येते ती मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे. स्नायूंना प्राणवायूचा साठा पुरवणारं हे लोहयुक्त प्रथिन कोंबडीच्या छातीत कमी असतं, म्हणून चिकनचं पाणी फिकट गुलाबी दिसतं. बोकडाच्या मांडीत ते भरपूर असतं.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. ज्या घरात रक्ताची रक्ती शिजते त्यांना ठाऊक असतं की रक्त भांड्यात धरलं की थोड्याच वेळात थिजतं आणि त्याच्या वड्या पाडता येतात. पिशवीतलं लाल पाणी मात्र थिजत नाही, झिरपतच राहतं. शिवाय जसजसा वेळ जातो तसतसं ते वाढतं. जिवंत स्नायूचा सामू सातच्या जवळ असतो. जनावर कापल्यावर स्नायूतल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होत जातं आणि साधारण दिवसभरात सामू साडेपाचच्या आसपास उतरतो. त्या पातळीला मांसातल्या प्रथिनांची पाणी धरून ठेवायची ताकद सगळ्यात कमी असते. सकाळी सहाला कापलेल्या बोकडाचं सात वाजता आणलेलं मटण म्हणून हाताला कोरडं लागतं, आणि तेच फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं तर ताटलीत तळं झालेलं दिसतं.

हे पाणी गळतं ते वाटेत. इंदापूर तालुक्यातलं लासुर्णे बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे. एका बाजूला भवानीनगरचा छत्रपती कारखाना, दुसऱ्या बाजूला वालचंदनगर, आजूबाजूला नीरा डाव्या कालव्यावरचा ऊस. इथली निम्मी वस्ती गावठाणात नाही, ती मळ्यांत पसरलेली. त्यामुळे मटण घ्यायचं एका ठिकाणी आणि शिजवायचं तिथून तीन-चार किलोमीटर आत, असा प्रकार रोजचा. त्यात बारामती एमआयडीसीत पाळीला जाणारी पोरं. पाठीला सॅक, सॅकमध्ये जेवणाचा डबा, टॉवेल, चार्जर, कधी लॅपटॉप. सुटल्यावर बारामतीत अर्धा किलो चिकन घ्यायचं, सॅकमध्ये टाकायचं आणि भवानीनगर, बेलवाडी मागं टाकत घर गाठायचं. काळ्या पिशवीची गाठ खड्ड्याखड्ड्याला सैल होते. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये शेजारचा नाक मुरडतो तेव्हा कळतं की पाणी पाठीच्या फोममध्ये गेलंय.

सॅकच्या बाबतीत हा फोम हेच खरं दुखणं आहे. बाहेरचं नायलॉन किंवा पॉलिस्टर फारसं पाणी पीत नाही, पुसलं की स्वच्छ होतं. पण शिलाईची भोकं, जाळी, पट्ट्यांची विणलेली निवार आणि पाठीला लागणारा स्पंज ही सगळी पाणी शोषणारी ठिकाणं. तिथं गेलेलं प्रथिन आणि चरबी वरून फडकं मारून निघत नाही. मग पावसाळ्यात सॅक भिजली, की मेलेला वास पुन्हा जिवंत होतो, कारण ओल मिळाल्यावर तिथले जिवाणू परत कामाला लागतात.

लोकांचा पहिला उपाय ठरलेला: आणखी एक कॅरीबॅग. दोन, तीन, एकात एक. हा उपाय गळती थोडी लांबवतो, पण मांसाचं नुकसान करतो. नुकतंच कापलेलं मटण जनावराच्या अंगाइतकं, म्हणजे 38-39 अंशांवर गरम असतं. ते प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलं की उष्णता बाहेर पडत नाही, आतून वाफ धरते, थेंब जमतात आणि मटण स्वतःच्याच घामात भिजतं. त्यात ती पिशवी गाडीच्या डिकीत! स्कूटरची डिकी सीटखाली, इंजिनाच्या डोक्यावर. एप्रिल-मे महिन्यांत इंदापूर भागात पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा आतली हवा किती तापली असेल याचा अंदाज सीटला हात लावला तरी येतो. अन्नसुरक्षेचा जगभर मानला जाणारा नियम असा की 5 ते 60 अंशांच्या मध्ये कच्चं मांस दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बाहेर 32 अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास. अनुकूल ऊब मिळाली तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. दोन तासांत एकाचे चौसष्ट. डिकीपेक्षा हँडलच्या पुढचा हूक बरा. ऊन लागतं, पण वारंही लागतं.

हा प्रश्न ज्यांना सगळ्यात मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला ते म्हणजे उत्तर अमेरिकेतले परवानाधारक शिकारी. अलास्कात एका मोठ्या मूस सांबरापासून सव्वादोनशे किलोच्या आसपास मांस निघतं आणि तिथला कायदा सांगतो की खाण्याजोगं मांस, मान-बरगड्यांसकट, जंगलात टाकून यायचं नाही. म्हणजे कित्येक मैल पाठीवर वाहून आणणं आलं. त्यांची पद्धत आपल्या दोन-तीन कॅरीबॅगच्या अगदी उलट आहे. मांसाचे मोठे तुकडे करायचे, धुवायचे नाहीत, सच्छिद्र सुती पिशव्यांत भरून सावलीत, वाऱ्यावर टांगायचे. कापडातून ऊब आणि ओल निघून जाते आणि मांसावर पातळ कोरडी साय धरते. ती साय आली की गळणं जवळपास थांबतं आणि कोरड्या पृष्ठभागावर जिवाणूंनाही जम बसवता येत नाही. यामागचं तत्त्व माठाचंच: एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना 580 कॅलरींच्या आसपास उष्णता सोबत घेऊन जातं. मांस थंड झाल्यावर, मगच निघायच्या वेळेला सॅकच्या आत जलरोधक अस्तर घालून त्यात सुती पिशवी ठेवायची. सॅक वाचते ती अस्तरामुळे थोडी, आणि मांस आधीच कोरडं झाल्यामुळे जास्त.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण मळ्यावस्त्यांत अजूनही कुणीतरी ‘शिकारीचं आणलंय’ असं दबक्या आवाजात सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि आपल्याकडे ही हौस गुन्हा आहे. इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर आणि बारामतीच्या सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात जे चिंकारा दिसतं, ते पहिल्या अनुसूचीतलं. त्याच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद आहे. ससा आणि तितरसुद्धा संरक्षित आहेत. मांस बाळगणं हाही गुन्हाच, आणि गाडीखाली आलेलं चिंकारा ‘मेलेलंच होतं’ म्हणून घरी नेता येत नाही. ते सरकारी मालमत्ता ठरतं आणि 48 तासांच्या आत कळवावं लागतं. तेव्हा आपल्या सॅकमध्ये जाणार ते खाटकाकडचं, नाहीतर वाट्याचं.

वाट्याच्या मटणाची पद्धत मला तर या सगळ्या शास्त्राची गावठी आवृत्ती वाटते. आखाडात, कराच्या दिवशी किंवा जत्रेला चार-दहा घरं मिळून बोकड घेतात. झाडाला टांगून सोलतात. टांगलेलं असतानाच त्यातली ऊब निघून जाते, उरलंसुरलं रक्त मानेकडून निथळतं आणि वरची बाजू वाऱ्यानं सुकते. मग पळसाच्या किंवा केळीच्या पानांवर वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात नळी, बरगडी, चरबी, काळजाचा एखादा तुकडा, कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. या वाद-विवादात अर्धा तास जातो आणि तेवढ्या वेळात मटण पानावर उघडंच निवत असतं. वर माशी बसू नये म्हणून कुणीतरी डहाळी हलवत उभा. नंतर ज्याचा त्यानं आपला डबा पुढे करायचा. घरून डबा न आणणाऱ्याला आमच्याकडे शहाणा समजत नसत. (वारीच्या दिवसांत, तुकोबांची पालखी लासुर्ण्याच्या रस्त्यानं बेलवाडीच्या रिंगणाकडून पुढे इंदापूरला जाते तेव्हा, यातलं काहीच चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.)

डब्याची सवय मोडली कॅरीबॅगनं. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात कॅरीबॅगवर बंदी आली, पण मटणाच्या दुकानात ती काळी पिशवी अजून भेटते. तिच्या जागी आलेली कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवीही बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच, आणि ती पाणी धरतही नाही. वर्तमानपत्राचा कागद हा तिसरा पर्याय. त्याची शाई ओल्या मांसाला लागते. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 पासून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

कापडी पिशवी वापरणाऱ्यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांचा 2011 मध्ये छापलेला एक अभ्यास लक्षात ठेवावा. दुकानात आलेल्या ग्राहकांकडून त्यांनी 84 पिशव्या घेतल्या. निम्म्यांत कोलीफॉर्म जिवाणू निघाले. मांसाचं पाणी लागलेली पिशवी गाडीच्या डिकीत दोन तास ठेवली तर जिवाणू दसपट झाले. या अभ्यासाला पैसा अमेरिकेतल्या रसायन उद्योगाच्या संघटनेनं दिला होता आणि प्लॅस्टिक विकणाऱ्यांना कापडी पिशवीची बदनामी हवीच असते, हे मनात ठेवून तो वाचावा. पण त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य त्यांच्याही कामाचं नव्हतं: पिशवी हातानं किंवा मशिनमध्ये धुतली की 99.9 टक्क्यांहून जास्त जिवाणू गेले. म्हणजे दोष कापडाचा नव्हता, न धुण्याचा होता.

धोका खरा कुठं आहे तर कोथिंबिरीत. मटण-चिकन शिजतं, त्यातले जिवाणू मरतात. त्याच पिशवीत टाकलेली कोथिंबीर, काकडी, लिंबू, कांद्याची पात मात्र कच्चीच ताटात येते. चिकनच्या पाण्यात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर असण्याची शक्यता मटणापेक्षा जास्त. त्यात पिसं काढण्यासाठी कोंबडी गरम पाण्यात बुडवतात, मशिनमध्ये फिरवतात, पुन्हा धुतात, त्यामुळे चिकन मुळातच पाणी घेऊन येतं. कोथिंबीर वेगळी ठेवा म्हणजे अर्धं काम झालं.

खाटकाकडे तीन गोष्टी सांगून घ्याव्यात. टांगलेल्यातून काप, तिथं धुऊन देऊ नकोस. काळीज-फोफसा वेगळा बांध, कारण खरं रक्त तिथं आहे आणि तेही गळतं. वजडी तर कधीच मटणाबरोबर नको. ती पोटातली, आणि आतड्यातल्या जिवाणूंचं माहेर तिथंच. मुंडी-पाय भाजून घेतले असतील तर त्यांची काजळी सॅकला लागली की मटणाच्या डागापेक्षा चिवट निघते, तेव्हा त्यांनाही वेगळं गुंडाळायचं. मग स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, तळाशी स्वच्छ सुती फडक्याची घडी, वर मटण. फडकं निथळणारं पाणी पिऊन घेतं. डबा सॅकमध्ये उभा, आडवा पडणार नाही असा. लांब जायचं असेल तर बाजूला गोठवलेली पाण्याची बाटली, सुटा बर्फ नको. तो वितळतो आणि आणखी पाणी करून ठेवतो.

पाणीच काढून टाकायचं ही या विचाराची शेवटची पायरी, आणि ती मराठी माणसाला जुनी आहे. मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर उन्हात वाळवून केलेल्या चान्या महिनोन्‌महिने टिकतात, गळत नाहीत, कुठल्याही फडक्यात बांधून नेता येतात. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या या खाण्याबद्दल शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 मधल्या पुस्तकात लिहिलं आहे. चान्यांचं तंत्र शास्त्रशुद्ध आहे यात वाद नाही. पण गावाचं मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम ज्यांच्यावर लादलं त्यांनाच त्या वासावरून गावकुसाबाहेर ठेवलं गेलं, आणि मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं ते याच अपमानाच्या मुळावर घाव घालण्यासाठी. पिशवीच्या स्वच्छतेवर लिहिताना हे विसरून चालत नाही: अस्वच्छतेचं ओझं कुणी वाहायचं, हे आपण फार काळ जन्मावर ठरवत होतो.

आता डाग पडलाच तर. सवयीनं हात गरम पाण्याकडे जातो, तिथंच चुकतं. साठ-सत्तर अंशांच्या पुढे मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन शिजतात, त्यांच्या गाठी धाग्यात घट्ट बसतात आणि डाग तपकिरी होऊन कायमचा राहतो. म्हणून आधी थंड पाणी, त्यात मूठभर मीठ, अर्धा तास भिजवणं. लाल पाणी निघणं थांबलं की कपड्याची पावडर. प्रथिन तोडणारी विकरं असलेली पावडर मिळाली तर उत्तम. चरबीसाठी शेवटी कोमट पाणी, कापडी पिशवीला चालेल तर गरमही. आपल्याकडे आणखी एक अडचण: कालव्याखालच्या क्षारपड भागात बोअरचं पाणी जड असतं, साबण फेसाळत नाही आणि चिकट पांढरा थर सोडतो. तिथं वडीपेक्षा डिटर्जंटच कामाचं. हट्टी डागाला मेडिकलमध्ये मिळणारं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं तर ते फसफसतं, कारण रक्तातलं कॅटलेज त्याचं पाणी आणि प्राणवायू करतं. मात्र गडद रंगाच्या सॅकवर आधी कोपऱ्यात लावून बघावं, रंग उडू शकतो. ब्लीचिंग पावडर नायलॉनला कमकुवत करते. गरम पाण्यात घासलं तर सॅकच्या आतला जलरोधक थर पापुद्रे होऊन सुटतो आणि मग पुढच्या पावसात लॅपटॉपच भिजतो.

फोममध्ये वास बसला असेल तर सॅक उलटी करून, सगळ्या चेन उघडून, दोन दिवस कडक उन्हात. ऊन वाळवतं आणि त्यातले अतिनील किरण वरवरचे जिवाणूही मारतात. आधी खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवला तर आंबट वास कमी होतो. अत्तर किंवा स्प्रे मारणाऱ्यांना नमस्कार. चिकन आणि मोगरा यांचा एकत्र वास ज्यानं घेतला तो पुन्हा तसं करत नाही.

भिगवणच्या बाजारातून उजनीची चिलापी किंवा कटला आणणाऱ्यांचं गणित थोडं निराळं. माशाचा वास देणारी अमाइन संयुगं आम्लारी असतात, म्हणून त्यांना आम्ल लागतं: चिंचेचा कोळ, लिंबाची साल, पातळ व्हिनेगर. सोडा इथं फारसा उपयोगाचा नाही. मासा बाजारातच साफ करून, आतडी काढून घ्यावा, कारण आधी तीच कुजतात.

आणि डबा धुताना झाकणातली रबरी रिंग काढून धुवायची. सॅक, पिशवी, फडकं सगळं स्वच्छ असूनही दर रविवारी कुठून वास येतो, हे शोधणाऱ्या बऱ्याच घरांत तो त्या रिंगच्या खाचेतून येत असतो.